कॅसेट, एम्युलेटर आणि काचेचा पडदा



या व्याख्यानमालेत आजवर पाण्यावर बोलणं झालं, शेतीवर झालं, संतसाहित्यावर तर एकाहून अधिक वेळा झालं. यंदाची पत्रिका वाचून काही जणांनी ‘विषय छापताना घोटाळा झालाय का’ अशी चौकशी केली म्हणे. घोटाळा नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते सर आयुष्यभर पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. बंद पडलेली वस्तू आधी उघडून बघायची, मत मागाहून द्यायचं, ही त्यांची शिस्त. आज ती एका भांडणाला लावून बघू.

भांडण असं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले व्हिडिओ गेम आज खेळायचे तर दोन वाटा आहेत. एक, त्या काळचं यंत्र मिळवायचं, त्यात कॅसेट घालायची आणि खेळायचं. दुसरी, आजच्या संगणकावर किंवा फोनवर एम्युलेटर नावाचा प्रोग्राम चालवायचा. तो त्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. पहिल्या पक्षाच्या लेखी एम्युलेटर म्हणजे दुधाची तहान ताकावर. दुसऱ्या पक्षाच्या लेखी जुनी यंत्रं जमवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर येतात, आणि मला दोन्हीकडचे मित्र आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांची सोय होईल. यंत्र खरं की नक्कल खरी, हे भांडण तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ मिटलेलं आहे. न मिटणारं दुखणं त्या यंत्राच्या शेजारी ठेवलेल्या टीव्हीत आहे, आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

आधी ‘मूळ यंत्रा’चंच बघू. निन्तेन्दो कंपनीने फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला काढलं. १९८५ मध्ये तेच वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या नावाने अमेरिकेत गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जे पोचलं ते बहुतेक ठिकाणी यांपैकी कुठलंच नव्हतं. समुराई, मीडिया अशा नावांची यंत्रं आली. ती फॅमिकॉमच्या नकला होत्या. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या प्रतिकृती बनवल्या आणि अशा चिपांवर जगभरात शेकडो ब्रँड उभे राहिले. रशियात डेंडी, आपल्याकडे ही. त्या यंत्रांना साठ पिनांची कॅसेट लागायची. कंट्रोलरला आपण ‘रिमोट’ म्हणायचो. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. मेनूत नावं हजारो, आत खेळ मोजकेच. तोच ‘काँट्रा’ कुठे तीस जिवांचा, कुठे थेट तिसऱ्या लेव्हलपासून, आणि प्रत्येक वेळी नाव वेगळं.

तेव्हा ‘मी लहानपणी ओरिजिनलवर खेळलोय’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मला जरा हसू येतं. आपलं ओरिजिनलच डुप्लिकेट होतं. पण ही थट्टा तिथेच सोडून देण्यासारखी नाही, कारण त्या डुप्लिकेटचं स्वतःचं एक तंत्र होतं.

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचे. भारतात पाल पद्धत. इथला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा. त्या काळचे बहुतेक गेम पडद्याच्या ठेक्यावर चालत: एकदा पडदा रंगला की मारिओ एवढे ठिपके पुढे, पुन्हा रंगला की आणखी एवढे. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर अख्खा खेळ पाच-षष्ठांश वेगाने चालायचा. मारिओ सावकाश धावायचा, उडी हवेत अधिक वेळ टिकायची, आणि संगीताचा ठेका संथ व्हायचा. गंमत अशी की डेंडीच्या जातीच्या यंत्रांत मुख्य चिपची गती जपानी यंत्राच्या फार जवळची ठेवलेली होती. म्हणून चाल संथ झाली तरी सूर फारसा उतरायचा नाही. अशा यंत्रावर वाढलेली मुलं पुढे संगणकावर साठच्या ठेक्याने ‘सुपर मारिओ’ खेळायला बसली की त्यांना मारिओ पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा पळताना दिसतो. त्यांना वाटतं एम्युलेटर बिघडलाय. खरं तर तो क्योतोतल्या लोकांनी १९८५ मध्ये बांधलेल्या वेगाने चाललेला असतो. बिघाड म्हणायचाच तर तो आपल्या बालपणात होता.

जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. लेबलवर ७८ छापलेलं असतं, पण ध्वनिमुद्रण कधी त्याहून कमी, कधी जास्त फेऱ्यांवर झालेलं असतं, आणि चुकीच्या फेऱ्यांवर ऐकून गायकाच्या पट्टीबद्दल पैजा लागतात. तिथे काळी दोन की काळी तीन हे सांगणारा कोणी जाणकार भेटतो तरी. गेमच्या बाबतीत तो जाणकार, नवल वाटेल, एम्युलेटर निघाला. आजच्या चांगल्या एम्युलेटरात यंत्राची जात निवडायची सोय असते: जपानी-अमेरिकी, युरोपीय, आणि तिसरी चक्क ‘डेंडी’. ज्या नकली यंत्रांना निन्तेन्दो कधी आपलं म्हणणार नाही, त्यांची चाल जशीच्या तशी कोणी टिपून ठेवली असेल तर ती या लोकांनी. मूळ यंत्राचा कैवार घेणाऱ्यांच्या कपाटात आपल्या लहानपणच्या त्या यंत्राला जागा नसते.

आता पेटी उघडू. फॅमिकॉमचा मेंदू म्हणजे रिको कंपनीची चिप, आणि तिच्या पोटात एमओएस टेक्नॉलॉजीच्या ६५०२ या प्रोसेसरचा गाभा. ६५०२ बाजारात आला १९७५ मध्ये, पंचवीस डॉलरला. तेव्हा त्याच्या स्पर्धकांच्या किमती याच्या कितीतरी पट होत्या. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये अब्जावधी असतात. मग एवढ्याशा चिपची नक्कल करण्यात अवघड काय?

नुसती आज्ञा ओळखून ती पार पाडणं अवघड नाहीच. १९९७ मध्ये नेस्टिकल नावाचा एम्युलेटर आला, तो तेव्हाच्या साध्या संगणकांवरही झपाझप चालायचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरियाने मेम हा एम्युलेटर प्रसिद्ध केला, आर्केडच्या, म्हणजे पार्लरातल्या, यंत्रांसाठी. अवघड आहे ते वेळेचं गणित. फॅमिकॉममध्ये मेंदूची चिप एक आणि चित्र काढणारी दुसरी. दोघी एकाच वेळी, एकमेकींची वाट न बघता चालतात. एम्युलेटर मात्र एका प्रोसेसरवर आधी हिचं थोडं काम करतो, मग तिचं. किती थोडं, यावर सगळं अवलंबून. एकदम एका अख्ख्या ओळीचं काम उरकलं तर वेग मिळतो, पण ओळीच्या मध्यावर जर गेमने काही हळूच बदललं असेल तर ते निसटतं.

आणि त्या काळचे प्रोग्रामर नेमकं तेच करायचे. एक उदाहरण जवळून बघू. फॅमिकॉमच्या चित्र-चिपला एका आडव्या ओळीत आठापेक्षा जास्त हलती चित्रं काढता येत नाहीत. नववं दिसतच नाही. म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायला लागतात. प्रोग्रामर मुद्दाम त्यांचा क्रम बदलत राहतो, म्हणजे एखादा कायमचा गायब व्हायच्या ऐवजी सगळे थोडे थोडे दिसतात. अनेक एम्युलेटरांत ही मर्यादा उठवायची सोय आहे. बटण दाबलं की लुकलुक बंद, चित्र स्वच्छ. पण ‘कासलव्हेनिया’च्या दुसऱ्या भागात नायक दलदलीत उतरतो, तेव्हा त्याचे पाय चिखलात बुडालेले दाखवायला प्रोग्रामरने हीच मर्यादा वापरली आहे. त्या ओळींवर आठ अदृश्य चित्रं आधीच बसवून ठेवायची, म्हणजे पायांना नववा नंबर मिळतो आणि ते नाहीसे होतात. मर्यादा उठवलीत की नायक चिखलावर कोरड्या पायांनी उभा! यंत्राचं उणेपण हेच त्या माणसाचं हत्यार होतं.

तसंच दुसरं उदाहरण १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चं. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या खेळात शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात सरकू लागतात. हा मुळात नियम नव्हता. कमी शत्रू काढायचे म्हणजे प्रोसेसरला काम कमी, म्हणून उरलेले वेगाने सरकत. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं, आणि पुढच्या शेकडो खेळांना शेवटाकडे वेग वाढवायची सवय लागली. आज हा खेळ चालवताना एम्युलेटरला त्या प्रोसेसरची दमछाकसुद्धा जपावी लागते.

हे काम ज्यांनी टोकाला नेलं त्यांचं नाव नियर. आधी ते ब्यू या नावाने ओळखले जात. निन्तेन्दोच्याच पुढच्या यंत्राचा, सुपर निन्तेन्दोचा, बीस्नेस हा एम्युलेटर त्यांचा. २०११ मध्ये त्यांनी एका दीर्घ लेखात मांडलं की पंचवीस मेगाहर्ट्झच्या संगणकावर जुने खेळ ‘चालतात’ हे खरं, पण हुबेहूब चालवायचे तर तीन गिगाहर्ट्झपर्यंत ताकद लागते. मूळ यंत्राची गती होती जेमतेम साडेतीन मेगाहर्ट्झ! त्यांची उदाहरणं मासलेवाईक होती. ‘एअर स्ट्राइक पॅट्रोल’ या खेळात आपल्या विमानाची जमिनीवर सावली पडते. ती सावली हे वेगळं चित्र नाही. ओळ रंगवता रंगवता मध्येच प्रोग्राम काही बदल करतो आणि ती उमटते. ढोबळ एम्युलेटरांत ती पडायचीच नाही. बाकी खेळ व्यवस्थित चालतो, विमान उडतं, बॉम्ब पडतात, फक्त सावली नाही. कित्येकांनी तो खेळ सावलीविनाच पूर्ण केला असेल आणि त्यांना कधी काही चुकल्यासारखं वाटलंही नसेल. नियरना ते चालत नव्हतं. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचा कोड खुला आहे आणि आजच्या एम्युलेटरांत वाहतो आहे.

मूळ यंत्राची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही अचूकता मूळ यंत्रांवाचून आलीच नसती. ‘सुपर मारिओ कार्ट’च्या कॅसेटमध्ये डीएसपी-१ नावाची जादा चिप आहे, गणितं करायला. तिच्या आतला प्रोग्राम बाहेरून वाचता येत नाही. मग लोकांनी काय केलं, तर चिपचं कवच तीव्र आम्लात विरघळवलं, उघड्या पडलेल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि आतले शून्य-एक वाचून काढले. ६५०२ चंही तसंच झालं. २०१० मध्ये व्हिज्युअल ६५०२ या प्रकल्पाने अशा फोटोंवरून त्याचा ट्रान्झिस्टर न् ट्रान्झिस्टर संगणकावर उभा केला. अशा शस्त्रक्रियेत ती चिप मरते. एक चिप गेली आणि बाकीच्या साऱ्या जातीची कुंडली हाती आली.

उलटा उपकारही आहे, आणि तो मला जास्त आवडतो. कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये आर्केडसाठी सीपीएस-२ नावाची यंत्रणा आणली. चोरट्या नकलांना आळा बसावा म्हणून गेमचा कोड कुलूपबंद केला आणि त्या कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर स्मृतीत ठेवली. बॅटरी मेली की किल्ली पुसली, आणि हजारो रुपयांचा बोर्ड म्हणजे नुसता पत्रा. जमवणाऱ्यांत तिचं नाव ‘आत्महत्येची बॅटरी’. एम्युलेटरवाल्यांनी वर्षानुवर्षं डोकं लढवून २००७ मध्ये ते कुलूप पुरतं उकललं. पुढे त्याच ज्ञानावर मेलेल्या बोर्डांत किल्ली पुन्हा भरायची रीत निघाली. कंपनीने मारायची सोय केलेली यंत्रं नकलाकारांनी जिवंत केली. आणि मेमचे लोक सुरुवातीपासून सांगत आले आहेत की आमचा उद्देश यंत्राची नोंद करून ठेवण्याचा. खेळता येतं हा त्यातला सुखद योगायोग.

कॅपकॉमचं नाव निघालं म्हणून सांगतो, आपल्या पार्लरांत ‘मुस्तफा’ म्हणून जो खेळ चालायचा तो त्यांचाच, १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मुस्तफा हे चौघांपैकी एका नायकाचं नाव. आपल्या लोकांनी इंग्रजी नाव बाजूला सारून खेळालाच ते देऊन टाकलं. पार्लरं बंद पडली तरी मुस्तफा मेला नाही, तो एम्युलेटरमुळे.

मग मूळ यंत्र आणि नक्कल ओळखायची कशी? एका वादात हा प्रश्न थेट कोर्टापर्यंत गेला. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये बिली मिचेल या अमेरिकी खेळाडूच्या नावावर दहा लाखांवरचे विक्रम होते. ट्विन गॅलेक्सीज या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये ते काढून टाकले. चित्रफितींत दिसतो तो खेळ मूळ आर्केड बोर्डावरचा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. मिचेल यांनी आरोप सतत नाकारला. गिनेसने २०२० मध्ये त्यांचे विक्रम पुन्हा मान्य केले, आणि संस्थेशी चाललेला खटला २०२४ मध्ये तडजोडीने मिटून ते आकडे तिच्या ऐतिहासिक नोंदीत परत आले. कोण बरोबर हे ठरवायला मी इथे उभा नाही. मला लक्षवेधक वाटला तो पुराव्याचा प्रकार. एक लेव्हल संपून दुसरी सुरू होते तो क्षणार्धाचा काळ घ्या. मूळ बोर्डावर लोखंडी तुळयांचं चित्र दार सरकावं तसं एका कडेकडून भरत जातं. त्या काळच्या मेममध्ये ते तुकड्या-तुकड्यांनी टपकन उमटायचं. दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी चित्रफितीतल्या या क्षणांचा फ्रेमगणिक कीस पाडला. म्हणजे फरक शोधायला गेलं की तो सापडतो पडद्यावर, चित्र कसं भरत जातं त्यात.

म्हणून आता टीव्हीकडे येतो.

‘डक हंट’ आठवतो? पिस्तूल टीव्हीकडे रोखायचं आणि बदकं पाडायची. आपल्या नकली यंत्रांबरोबरही ते पिस्तूल यायचं. अनेकांची समजूत अशी की पिस्तुलातून काहीतरी निघून टीव्हीवर आदळतं. उलट आहे. पिस्तुलाच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की यंत्र क्षणभर अख्खा पडदा काळा करतं, आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतं. दोन बदकं असली तर एकापाठोपाठ एक. डोळ्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम बरोबर. कोणी दिव्याकडे पिस्तूल रोखून फसवू नये म्हणून त्यातलं सर्किट साधारण पंधरा हजार हर्ट्झच्या लयीलाच दाद देतं. ती लय म्हणजे काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला जेवढ्या आडव्या ओळी ओढतो ती. लहानपणी शेजारच्या खोलीत टीव्ही लागलाय हे आवाज बंद असतानाही कळायचं ना, ती बारीक शिट्टी? तीच ही.

आता तेच मूळ यंत्र, तीच मूळ कॅसेट, तेच मूळ पिस्तूल घेऊन आजच्या चपट्या टीव्हीसमोर बसा. एकही बदक पडणार नाही! चपट्या पडद्यात झोत नाही, ओळ ओढणं नाही, म्हणून ती लय नाही. शिवाय आलेलं चित्र आधी साठवून, मोठं करून मग दाखवायचं असल्याने ते उशिरा येतं. सगळं मूळ असून खेळ होत नाही. मूळ यंत्राचा कैवार घेणाऱ्या मित्रांना मी हा प्रयोग नेहमी करायला सांगतो.

पिस्तुलाचा विषय वेगळा काढला तरी चित्राचं काय? १९९१ च्या ‘सोनिक’च्या पहिल्याच लेव्हलमध्ये धबधबे आहेत. सेगाच्या ज्या यंत्रासाठी तो खेळ होता त्याला अर्धपारदर्शक रंग नीट काढता येत नव्हते. चित्रकारांनी धबधबा उभ्या बारीक पट्ट्यांनी काढला: एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या पिनेच्या वायरमधून ते चित्र काचेच्या टीव्हीत जायचं तेव्हा शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळायचे, आणि पट्ट्यांच्या जागी झुळझुळतं, आरपार दिसणारं पाणी उभं राहायचं. आजच्या पडद्यावर ठिपका न् ठिपका करकरीत दिसतो, आणि धबधब्याच्या जागी कंगवा. त्या काळचे चित्रकार टीव्हीच्या या सवयी ओळखून रंग भरायचे. आपण ज्याला ‘मूळ पिक्सेल’ म्हणून कौतुकाने बघतो, तो त्यांनी आपल्याला दाखवायला काढलाच नव्हता.

याला एम्युलेटरकडे उत्तर आहे, पण अर्धं. शेडर नावाचे छोटे प्रोग्राम चित्रावर काचेच्या टीव्हीचा परिणाम चढवतात: ओळींमधल्या काळ्या फटी, रंगांचं पाझरणं, कडांचा बाक. उत्तम पडद्यावर उत्तम शेडर लावला तर स्थिर चित्रात फसगत होते, मीही फसलो आहे. हालचाल सुरू झाली की फरक कळतो. काचेच्या टीव्हीत कुठलाही ठिपका झोत जाताक्षणी पेटतो आणि लगेच विझतो. बाकी वेळ तिथे काळोख. चपट्या पडद्यात तो पुढच्या फ्रेमपर्यंत तसाच तेवत राहतो, आणि डोळा हलत्या चित्रामागे धावला की कडा फरकटतात. सेकंदाला दोनशे चाळीसपेक्षा जास्त वेळा बदलणारे पडदे आता मिळू लागलेत आणि त्यांवर झोताच्या प्रवासाचीच नक्कल करणारे शेडर आलेत. दिशा बरोबर आहे. अजून पल्ला आहे.

एका बाबतीत मात्र नक्कल मुळाच्या पुढे गेली आहे, आणि ती म्हणजे हात. बटण दाबल्यापासून मारिओ उडेपर्यंतचा उशीर मूळ यंत्रावर कमी आणि एम्युलेटरवर जास्त, ही तक्रार पूर्वी रास्त होती. २०१८ मध्ये रेट्रोआर्क या प्रोग्रामने एक युक्ती आणली. एम्युलेटर पडद्यामागे एक-दोन फ्रेम पुढचा खेळ चालवून ठेवतो, आणि तुम्ही बटण दाबलंत की परत येऊन तुमच्या बटणासकट पुन्हा पुढे जातो. खेळाच्या स्वतःच्या कोडात असलेला उशीरही यातून कापला जातो. मूळ यंत्रापेक्षा चपळ मारिओ! शुद्धतावादी याला फसवणूक म्हणतात. मला ती विमानाची सावली हरवण्यापेक्षा कमी गंभीर वाटते, पण तेही रुचीचंच आहे.

चिपांच्या बाबतीत तर तिसरी वाटही निघाली. एफपीजीए नावाची चिप असते. तिच्या आतली जोडणी हवी तशी मांडता येते. मिस्टर हा खुला प्रकल्प आणि अ‍ॅनालॉग कंपनीची यंत्रं त्यावर जुन्या यंत्रांची सर्किटं नव्याने उभी करतात. दोन चिपा खरोखर एकाच वेळी चालतात. उद्या जगातला शेवटचा फॅमिकॉम जळाला तरी त्याचं सर्किट कुठेतरी पुन्हा उभं राहील. कपॅसिटर गळतात ते बदलता येतात. ‘झेल्डा’च्या कॅसेटमधला खेळ जतन करणारा सेल संपतो, तो सोल्डर काढून नवा लावता येतो.

पण काचेच्या टीव्हीतली पिक्चर ट्यूब पुन्हा कोण बनवणार? यात आपला, महाराष्ट्राचा, थेट धागा आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यातल्या किती घरांची चूल त्यावर पेटायची हे तिकडच्या लोकांना विचारा. ट्यूबची काच कंपनी गुजरातेत भरूचला बनवायची. २००५ मध्ये, जग चपट्या पडद्याकडे वळू लागलं असताना, व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा जगभर पसरलेला पिक्चर ट्यूबचा व्यवसायच विकत घेतला. बाजाराने उलटी वाट धरली होती आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ट्यूब बनवायला शिसं घातलेल्या काचेच्या भट्ट्या लागतात, फॉस्फरचे थर देणारी यंत्रं लागतात, निर्वात करणारे पंप लागतात, आणि हे सगळं लाखो नग खपले तरच परवडतं. शंभर हौशी लोकांसाठी भट्टी पेटत नाही. एफपीजीएमध्ये काच ओतता येत नाही.

म्हणून जमवणारे जुने टीव्ही शोधत भंगाराच्या दुकानांतून फिरतात, आणि मी त्यांना हसत नाही. फक्त एक सांगतो: असा टीव्ही हाती लागला तर हौसेने मागचं झाकण उघडू नका. ट्यूबच्या कडेच्या त्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे टिकून राहतो. जुन्या मेकॅनिकच्या हातून उघडून घ्या.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, थोडक्यात. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने सॉफ्टवेअर जतन करणाऱ्या संस्थांच्या जाळ्याबरोबर एक अहवाल काढला: अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात अधिकृतपणे मिळतच नव्हते. त्याच वर्षी २७ मार्चला निन्तेन्दोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. ग्रंथालयांनी हे खेळ संशोधकांना दुरून बघू द्यावेत अशी सवलत मागितली गेली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये ती नाकारली. एम्युलेटर बनवणं हा तिथे गुन्हा नाही, हे सोनीने कनेक्टिक्स या कंपनीवर केलेल्या खटल्यात २००० मध्येच ठरलेलं आहे. अडतं ते गेमच्या प्रतीपाशी.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे काही बाबतींत समंजस आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी तात्पुरती दुसरी प्रत करायची मुभा आहे, आणि प्रोग्राम कसा चालतो ते तपासून बघायचीही. इंटरनेटवरून हजार गेम उतरवून घेण्याची मुभा मात्र त्यात नाही. तरुण मंडळींनी उगाच टाळ्या वाजवू नयेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्याच कलमात आणखी एक तरतूद घातली: नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाला एखादी कृती जतनासाठी डिजिटल रूपात साठवता येते, पण तिची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. ही ओळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कागदी पुस्तकं होती. मुळातच शून्य-एकांनी भरलेली कॅसेट त्या ओळीत बसते का, हे इथे बसलेल्या वकील मंडळींनी मला सांगावं. बसत असेल तर पहिली पायरी एवढीच की कॅसेट ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढली पाहिजे. आत येताना ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, असली वस्तू आली तर ती कुठल्या क्रमांकाखाली लावायची. ड्युई पद्धतीत संगणकावरच्या खेळांचा क्रमांक ठरलेला आहे, ७९४.८, बुद्धिबळाच्या त्याच कपाटात, काही खण पुढे.

आता प्रश्न विचारा.